बोर्डाची खालची पट्टी

हंसा टॉकीजच्या बोर्डावर नाव आल्याशिवाय पेठेत कुणी मेलं असं धरत नसत.

बोर्ड साधा होता. सागवानी फळ्यांचा, काळा, आठ फूट लांब आणि चार फूट उंच. टॉकीजच्या दारावर, रस्त्याकडं तोंड करून. वर सिनेमाचं नाव, त्याखाली खेळांच्या वेळा. आणि सगळ्यांत खाली, लाल रेघेच्या आत, वीतभर रुंदीची एक पट्टी. ती पट्टी सिनेमाची नव्हती. पेठेची होती.

तिची सुरुवात बापूसाहेबांनी केली. बापूसाहेब म्हणजे टॉकीजचे मूळ मालक. समोरच्या तालमीतले वस्ताद गेले तेव्हा त्यांनी दुपारचा खेळ बंद ठेवला. तिकिटं काढायला आलेले लोक का म्हणून विचारायला लागले. शंभर जणांना सांगत कोण बसणार? त्यांनी पेंटरला हाक मारली आणि कारण बोर्डावर लिहायला लावलं. पुढच्या आठवड्यात एका हमालाची बायको गेली. तो हमाल बोर्डाखाली येऊन उभा राहिला.

"मालक, वस्तादांचं लिवलासा. माझ्या बायकूचं?"

बापूसाहेबांनी तिचंही लिहायला लावलं. त्याच जागी, तेवढ्याच अक्षरांत. मग तोच नेम झाला. अक्षर चार बोटं उंच. ऊसवाला बागाईतदार असो नाहीतर गटार काढणारा, अक्षर चार बोटंच. मागं कैलासवासी नाही, श्रीमंत नाही. नाव, गल्ली आणि तिरडी निघायची वेळ. सिनेमाचं नाव तेलरंगात असे. पट्टी मात्र खडूची पूड डिंकाच्या पाण्यात कालवून लिहीत. शेवटचा खेळ सुरू झाला की ओल्या फडक्यानं पुसत. मेलेल्याचं नाव रात्रभर रस्त्यावर ठेवू नये, असं बापूसाहेब म्हणत.

मौलाली पेंटर एकविसाव्या वर्षी बोर्डाच्या शिडीवर चढला. सदतीस वर्षं चढत-उतरत राहिला. डाव्या हाताची चार बोटं तो फळीवर आडवी ठेवायचा, वर-खाली दोन टिंबं द्यायचा आणि उजव्या हातानं लिहायला लागायचा. त्याला फूटपट्टी लागली नाही, दोरी लागली नाही. पेठेतल्या मरणांचं माप म्हणजे मौलालीची चार बोटं. बापूसाहेब स्वतः गेले तेव्हाही त्यानं तेवढंच लिहिलं. 'बापूसाहेब. हंसा टॉकीज. सकाळी ११.' घरच्यांना ते कोतं वाटलं होतं. पण बापूसाहेबांनी मरायच्या आधी मौलालीचा हात धरून बजावलं होतं, "माझं अक्षर मोठं काढलास तर बघ."

या बोर्डाखाली, बाजूच्या बोळात, टॉकीजचं दुसरं दार होतं. ते बायकांचं दार. त्या दारावर चिमणाबाई असायची.

चिमणाबाईचा नवरा पिराजी लवकर गेला. तेव्हापासून ती त्या दारावर. हातात बॅटरी, तोंडात मिश्री, बुडाखाली लाकडी स्टूल. बारा वाजताचा खेळ बायकांचा. धुणंभांडी उरकून, भाजीची पिशवी घेऊन बायका यायच्या. चिमणाबाई पिशव्या सांभाळायची. रडणारं पोर मांडीवर घ्यायची. आणि नवरे शोधायला आले की दारात आडवी उभी राहायची.

"आमची आत हाय काय?"

"हाय की. पन्नास जणी हाईत. तुमची कंची?"

"निळ्या लुगड्याची."

"आंधारात समदी लुगडी काळीच दिसत्यात. खेळ सुटल्यावर या."

पेठेतल्या कितीतरी बायकांनी आयुष्यात स्वतःसाठी म्हणून जे तीन तास काढले ते त्या दारामागं. चिमणाबाईनं ते राखले. कुणाचं नाव फोडलं नाही. कुणाला हिशेब विचारला नाही.

मौलालीला तिनं एकदा राखलं होतं. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. पेठेतला एक तरणा गडी, सम्राट नावाचा, शिडीखाली येऊन उभा राहिला. म्हणाला, आपल्या मयतांची नावं चाचानं का लिहायची? आपली पोरं आहेत की. मौलाली शिडीवर तसाच थांबला. हातातला कुंचला ठिबकत होता. बोळातनं चिमणाबाई आली.

"तुझ्या आज्ज्याचं नाव कुणी लिवलंतं रं?"

सम्राटनं मौलालीकडं बघितलं.

"ह्यानं लिवलंतं. तुझा बा हितंच हुबा हुता, शेंबूड पुसत. म्हणत हुता, मौलाली, नीट लिव बाबा. आता तू लिवतोस? बरं. उतर रं मौलाली. ह्याला चढू दे. चढ की! शिडीला हात लावायला भ्या वाटतंय आणि बोर्ड पायजे व्हय?"

रस्त्यावर हशा झाला. सम्राट निघून गेला. त्यानंतर कुणी काही बोललं नाही. निदान तोंडावर तरी.

दोन हजार वीसमध्ये टॉकीज बंद झालं ते झालंच. तरी मौलाली सकाळी जाऊन पट्टी लिहायचा. वरचा बोर्ड कोरा, खाली एक ओळ. पेठेला तेवढं पुरत होतं. मग एकवीसच्या मे महिन्यात नवा मालक धैर्यशील, म्हणजे बापूसाहेबांचा नातू, यानं गेटला साखळी घातली. शहरभर नाकेबंदी होती. माणसं पटापट जात होती.

एका सकाळी क्रांतीचा फोन आला. क्रांती चिमणाबाईची नात. तिच्याशिवाय चिमणाबाईच्या घरात कुणी नव्हतं.

"चाचा, आज्जी गेली. सात धाला. दवाखान्यानं आत्ता सांगितलं. देत न्हाईत म्हणं. परस्पर नेनार. बोर्डावर लिवा."

मौलाली खडूच्या पुडीचा डबा घेऊन निघाला. कोपऱ्यावर पोलीस. त्यानं काठी छातीला टेकवली. मौलाली सांगत राहिला की एक ओळ लिहायची आहे, पाच मिनिटांचं काम आहे. पोलिसाला ते वेड वाटलं. पुढं गेटची साखळी दिसत होती. मौलाली परत आला.

त्या महिन्यात पेठेतले अकरा जण पट्टीविना गेले. पण बाकीच्या दहांच्या घरात माणसं होती. नंतर चौकात त्यांचे फ्लेक्स लागले, पेपरात फोटो आले, वर्षश्राद्धाच्या पंगती उठल्या. चिमणाबाईचं काहीच झालं नाही. क्रांती दाराला कुलूप लावून कळंब्याला मावशीकडं राहायला गेली.

ऑगस्टमध्ये गेट उघडलं. क्रांती मुद्दाम आली.

"चाचा, आता लिवा."

मौलालीनं मान हलवली. "शिळं नाव पट्टीवर चढत न्हाय, बाळा. ज्या दिवसाचं त्याच दिवशी. बापूसाहेबांचा नेम हाय."

क्रांती मागं वळली. चप्पल घातली आणि गेली. आपण फार बरोबर वागलो, असं त्या दिवशी मौलालीला वाटलं. सदतीस वर्षं नेम पाळलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार?

पुढं टॉकीज पाडलं. पत्रे लागले. आत खड्डा खणला गेला. बोर्ड कुठं गेला कुणाला माहीत नाही. मौलाली दुकानांच्या पाट्या, रिक्षांचे नंबर, जत्रेतले पाळणे रंगवत राहिला. क्रांती पेठेत परत आली. गडमुडशिंगीच्या एका दूध संस्थेत ती कामाला लागली होती. पहाटे जायची, दिवस मावळल्यावर यायची, आज्जीचं नाव कुणाजवळ काढायची नाही.

मग यंदाच्या जानेवारीत मंडईत एक गोष्ट घडली. मौलाली वांगी निवडत होता. शेजारी संयोगिता आली. पन्नाशीची बाई, शिवणकाम करणारी. बारा वाजताच्या खेळाला न चुकता येणाऱ्यांतली.

"काय चाचा, बरं हाय न्हवं? आणि चिमणामावशी कशी हाय वो? आजऱ्यालाच हाय न्हवं भावाकडं? काजूच्या कारखान्यात बसती म्हणं."

मौलालीच्या हातातलं वांगं तसंच राहिलं.

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? तीच म्हणायची की, टाकीज बंद पडलं तर भावाकडं जातो म्हणून. मला लई आठवण येती तिची. भेटली तर सांगा, संयोगितानं इचारलंय."

मौलालीनं मान डोलावली. होय म्हणून डोलावली. संयोगिता पिशवी उचलून गेली.

तो तिथनं थेट गिरणीत गेला. गिरणीवाल्याला विचारलं. आजऱ्याला. चहाच्या गाड्यावर विचारलं. आजऱ्याला. तालमीच्या कट्ट्यावर बसलेल्या अंबूबाईला विचारलं. अंबूबाई ऐंशीची. पेठेतलं सगळं तिला ठाऊक. ती म्हणाली, "आजऱ्याला जाऊन मस्तावली असंल. एकदाबी आली न्हाय भेटायला. माणूस असं असतंय बघ."

चिमणाबाईच्या गल्लीतली चार घरं सोडली तर पेठेत ती जिवंत होती. काजू सोलत होती. मस्तावली होती. लोक तिच्यावर रुसले होते.

मौलाली घरी आला आणि जेवला नाही. कुलसुमनं, त्याच्या बायकोनं, दोनदा ताट मांडलं.

"हुआ क्या जी?"

"मैंने उसकू मरने नहीं दिया," तो म्हणाला. "चार साल हो गए."

तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच होतं. चिमणाबाईचं नाव त्या पट्टीवर गेलं पाहिजे. पण पट्टी होती कुठं?

ती मार्चमध्ये सापडली. धैर्यशील मोटारीतनं त्याच्या दारात आला. पांढरा शर्ट, हातात दोन फोन. खुर्चीवर बसला नाही.

"चाचा, जुना बोर्ड मी जपून ठेवलाय बरं का! नवा कॉम्प्लेक्स झालाय, आत थिएटर पण आहे. त्याच्या एन्ट्रन्सला लावणार. काचेच्या आत, मस्त लायटिंग. लोक फोटो काढतील. आपली लेगसी आहे ती. तुम्हीच परत रंगवून द्यायचा."

"पट्टीबी?"

"पट्टीसकट! तेच तर युनिक आहे."

"पट्टीवर काय लिवू?"

"तुम्हाला वाटेल ते. अहो, तुमचाच बोर्ड आहे तो."

मौलालीनं ते ऐकलं आणि खरं मानलं. का मानू नये? समोरचा माणूस बापूसाहेबांचा नातू होता.

कॉम्प्लेक्सवर जाऊन बोर्ड रंगवायला त्याला दोन दिवस लागले. वर टॉकीजचं नाव, खेळांच्या चार वेळा. बोटं थरथरतात आता, तरी रेघ सरळ आली. पट्टी त्यानं शेवटाला ठेवली. घरनं निघताना कुलसुमनं सांगितलं होतं, "नाम तेलरंगसे लिखो जी. डिंक का क्या भरोसा?"

"पट्टी डिंकाचीच असती," तो म्हणाला.

"अब कौन रोज पोंछने वाला है?"

तिचं बरोबर होतं. हे नाव रात्री पुसायचं नव्हतं. काचेच्या आत कायमचं राहायचं होतं. तेलरंगाचा डबा शेजारीच उघडा होता. तरी मौलालीनं खडूची पूड कालवली. शिळं नाव लिहून एक नेम मोडलाच होता, दुसरा मोडायला हात धजेना.

त्यानं चार बोटं ठेवली. दोन टिंबं दिली. लिहिलं:

'चिमणाबाई पिराजी. बायकांचं दार, हंसा टॉकीज. सकाळी ७.१०.'

बाकीच्यांच्या ओळीत तिरडी निघायची वेळ असे. हिची तिरडी निघालीच नव्हती. म्हणून जीव गेल्याची वेळ.

संध्याकाळी क्रांती कामावरनं परस्पर आली. बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला होता. ती त्याच्यासमोर खाली बसली. बराच वेळ बसली.

"आज्जीला वाचता येत न्हवतं," ती म्हणाली. "पण आपलं नाव ह्या पट्टीवर कसं दिसंल ते तिला ठावं हुतं. मला भिंतीवर बोटानं दावायची."

"रविवारी उद्घाटनाला येतीस न्हवं?"

"मी न्हाय येत. बघितलो की आता. बास झालं."

धैर्यशीलही येऊन बघून गेला. वाकून पट्टी वाचली. "वा चाचा! ऑथेंटिक!" म्हणाला.

रविवारी मांडव उभा राहिला. हलगी होती, पुष्पवृष्टी होती, कुणीतरी पुढारी पाहुणे होते. पेठेतल्या सगळ्या बायकांना पहिला खेळ मोफत, असं रिक्षातनं तीन दिवस ओरडून सांगितलं होतं. शिवाय पैठणीचा लकी ड्रॉ. बायका दोनशेवर जमल्या. नव्या साड्या, गजरे. चार वर्षं पत्र्याआड असलेलं टॉकीज पुन्हा उघडणार, याचा त्यांना खरोखर आनंद झाला होता. त्या आनंदाची टिंगल करण्यासारखं त्यात काही नाही. मौलाली तिसऱ्या रांगेत बसला. धुतलेली टोपी घालून. त्याचा सत्कार होता.

पाहुण्यांनी दोरी ओढली. बोर्डावरचा पडदा सरकला. टाळ्या झाल्या. काचेच्या आत दिवे लागले.

मौलालीनं आधी वरची रेघ बघितली. ती सरळ होती. मग खाली बघितलं.

पट्टीवर सोनेरी अक्षरं होती. संगणकावर कापून चिकटवलेली, चकचकीत. 'संस्थापक कै. श्रीमंत बापूसाहेब यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.' दोन ओळींतली अक्षरं लाल रेघ ओलांडून वर गेली होती. मौलालीनं बसल्या जागेवरनं एक डोळा मिटून नजरेनंच फळीवर बोटं ठेवली. चार बोटांत ती मावली नाहीत. मनातल्या मनात दुसरा हात लावावा लागला. सात बोटं.

तो उठला आणि मांडवाच्या कडेनं पुढं गेला. धैर्यशील पाहुण्यांच्या मागं उभा होता.

"पट्टी कुणी पुसली?"

"चाचा, नंतर बोलू."

"कुणी पुसली?"

"अहो, डिझायनरच्या माणसानं. ओलं फडकं मारलं, निघून आलं. त्याला वाटलं कच्चं काम आहे." मग धैर्यशीलनं आवाज खाली घेतला. "आणि खरं सांगू का? मीच म्हटलं राहू दे. ओपनिंगच्या दिवशी दारात मयताचं नाव? शुभ कार्य आहे. पाहुणे काय म्हणतील? म्हणून आजोबांचं टाकलं. तुम्हालाही बरं वाटेल असं वाटलं मला."

"बापूसाहेबबी मेल्यातच की."

धैर्यशीलनं पाहुण्यांकडं बघितलं. "तसं नसतं ते, चाचा."

"कसं असतंय मग? मयताचं नाव चालतंय. चिमणाबाईचं चालत न्हाय. असंच न्हवं?"

"चाचा, प्लीज. आज नको."

धैर्यशील वाईट माणूस नव्हता, असं नंतर पुष्कळ जण म्हणाले. नसेल. त्यानं कुणाला शिवी दिली नाही. कुणाला ढकललं नाही. एका बाईचं आयुष्यातलं एकुलतं एक छापील म्हणावं असं नाव एका ओल्या फडक्यानं गेलं आणि त्याला ते दिसलंसुद्धा नाही. आणि ज्या आजोबांनी मोठं अक्षर नको म्हणून हात धरला होता, त्यांच्या नावाची अक्षरं सात बोटांची करून त्यानं त्यांचाही शब्द पुसला. यालाच तो जपणं म्हणत होता.

माइकवरनं मौलालीचं नाव पुकारलं. "आपल्या पेठेचे ज्येष्ठ कलाकार!" सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणाली. मौलाली पायऱ्या चढला. पाहुण्यांनी शाल घातली, नारळ दिला. मुलीनं हसत माइक पुढं केला. "चाचा, दोन शब्द?"

मौलाली आयुष्यात माइकवर बोलला नव्हता. त्यानं नारळ खाली ठेवला.

"मी बोलनारा न्हवं. लिवनारा हाय," तो म्हणाला. "पण लिवलेलं पुसलंय. म्हणून बोलतो. चिमणाबाई पिराजी. बायकांचं दार, हंसा टॉकीज. सकाळी सात धा."

मांडवात कुजबुज उठली. आज? आज सकाळी?

"आज न्हाय. चार वर्सं झाली. मे म्हैन्यात. दवाखान्यात गेली, एकटी. आजऱ्याला ती गेलीच न्हाय. गेट बंद हुतं म्हणून मी लिवलं न्हाय. गेट उघडलं तवाबी लिवलं न्हाय. ती माझी चूक हाय, तिची नात समोर हुबी राहून मागत हुती. परवा लिवलं. ते ह्यांनी..."

माइक बंद झाला. कुणी केला ते दिसलं नाही. मौलाली तसाच उभा राहिला. मग त्यानं हातानं बोर्डाकडं दाखवलं. त्याला आवाज लागला नाही.

सगळ्यांत आधी संयोगिता उठली. हातात पेढ्याची डिश होती.

"मावशी? आपली मावशी? आवं, बोर्डावर न्हवतं की!"

तिनं डिश खुर्चीवर ठेवली. पेढा अर्धा खाल्लेला होता. तिनं पदरानं तोंड पुसलं, जोरात, जणू तोंडातलं गोडही पुसून काढायचं होतं.

मग अंबूबाई उठली. काठी टेकत, दोघींचा आधार घेत.

"उठा गं," ती म्हणाली. तिला माइक लागत नाही. "ऐकल्यावर बसू न्हाय. कानावर पडलं की दारात जायाचं. चार वर्सांनी पडलं तरी जायाचं. उठा."

हा पेठेचा रिवाज. मयताची बातमी ज्या घटकेला कळेल त्या घटकेला माणूस उठतो. तोंडात गोड असेल तर थुंकतो. लग्नात असेल तर मांडवाबाहेर येतो. घरी जाऊन डोक्यावरनं पाणी घेण्याआधी मेलेल्याच्या दारात जाऊन येतो. उशीर झाला ही सबब चालत नाही.

एक रांग उठली. मग तिच्या मागची. कुणी गजरा काढून पिशवीत टाकला. खुर्च्या सरकल्याचा मोठा आवाज झाला.

"महिलांनी कृपया बसून घ्यावं!" माइक पुन्हा चालू झाला होता. "लकी ड्रॉ बाकी आहे! पैठणी आहे!"

"तूच नेस," गर्दीतनं कुणीतरी म्हणालं.

दोनशे बायका बोर्डाखालनं बाहेर पडल्या. एकीनंही वर बघितलं नाही. धैर्यशील मौलालीजवळ आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"चाचा, काय केलंत हे? लाखभर रुपयांचा कार्यक्रम होता."

मौलालीनं शाल काढली. नीट घडी घातली. खुर्चीवर ठेवली आणि बायकांच्या मागनं चालू लागला.

क्रांती कणीक मळत होती. दार उघडंच होतं. आधी तिला वाटलं मोर्चा आहे. मग बघते तर अंबूबाई उंबऱ्यात. अंबूबाईनं तिच्या गळ्यात हात टाकला आणि गळा काढला. मोठ्यानं, गल्ली हलेल असा. "चिमणे, मी तुला मस्तावली म्हटलं गं! मला न सांगता गेलीस गं!" क्रांतीचे दोन्ही हात कणकेत भरलेले. ते तिनं बाजूला धरून ठेवले होते, अंबूबाईच्या लुगड्याला लागू नयेत म्हणून. मग ते तसेच तिच्या पाठीवर पडले. चार वर्षांत ती कुणाजवळ रडली नव्हती. कुणी रडायला आलंच नव्हतं.

घर एका खोलीचं. दहा बायका आत मावल्या. बाकीच्या गल्लीत, गटारीच्या कडेला, नव्या साड्यांनिशी खाली बसल्या.

मौलाली दारात आला. क्रांतीनं वर बघितलं.

"पुसलं, बाळा," तो म्हणाला. "तिथं ऱ्हायलं न्हाय. बापूसाहेबांचं लावलंय. मोठ्या अक्षरात."

क्रांतीनं विचारलं नाही का म्हणून. तिला ते लगेच कळलं. "तेलरंगात लिवायचं हुतं, चाचा," एवढंच म्हणाली.

"व्हय," मौलाली म्हणाला. "लिवायचं हुतं." आणि जाऊन समोरच्या कट्ट्यावर बसला.

"किती वाजता गेली?" आतनं संयोगिता विचारत होती.

"सात धाला."

"जवळ कोन हुतं?"

"कोन न्हवतं. आत सोडत न्हवते. मी गेटावर हुतो."

"पाणी तरी घातलं काय तोंडात?"

"म्हाईत न्हाय."

प्रत्येक नवी बाई दारात आली की क्रांतीनं पहिल्यापासून सांगितलं. खोकला कधी लागला. रिक्षा कशी मिळाली नाही. शेवटी फोनवर काय म्हणाली. प्रत्येक वेळी बायका पहिल्यांदा ऐकत असल्यासारख्या ऐकत राहिल्या आणि त्या त्या ठिकाणी डोळ्यांना पदर लावत राहिल्या.

दुपारी अडीचच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्लेक्सचा मॅनेजर दिसला. टाय लावलेला, घामाघूम. एका हातात घडी घातलेली शाल, दुसऱ्या हातात नारळ. बसलेल्या बायकांमधनं वाट काढत तो मौलालीकडं येऊ लागला.

"चाचा, तुमचं राहिलं होतं. साहेबांनी पाठवलंय. आणि साहेब म्हणाले, पिक्चर अजून सुरू केलेला नाही. महिला येत असतील तर..."

अंबूबाई दारात बसली होती. तिनं काठी त्याच्या पुढ्यात आडवी टाकली.

"मयताच्या दारात आलाईस," ती म्हणाली. "पायताण काढ."

मॅनेजरनं इकडं तिकडं बघितलं. दीडशे बायका त्याच्याकडं बघत होत्या. त्यानं नारळ काखेत धरला, वाकला आणि बुटाची नाडी सोडायला लागला.